एका बेरजेची दुरुस्ती

घरातल्या मोबाइलवर अब्बांच्या बँकेचे ॲप असते, आपाच्या निकाहचे फोटो असतात, आणि त्याच मोबाइलवर धाकटा भाऊ कुठून तरी उतरवून घेतलेला फुकटचा खेळही खेळत बसतो. हे सगळे एकाच यंत्रात, एकाच मेमरीत राहते. तरीही त्या खेळाला बँकेच्या ॲपमध्ये डोकावता येत नाही, कारण मधे भिंत असते. ही भिंत हिशेबाची असते. लिनक्स या जगभर चालणाऱ्या प्रणालीत एका ठिकाणी हा हिशेब जवळजवळ सहा वर्षे चुकीचा होता. त्या चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची हकीकत या महिन्यात सांगायची आहे. चौथीतल्या मुलाला येते त्यापेक्षा फारसे जास्त गणित तिच्यात नाही, तेव्हा संगणक म्हटले की पान उलटणाऱ्या वाचकांनी एवढा एक महिना थांबावे.

मुंबईपासूनच सुरुवात करू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 मध्ये कामाला लागला. त्याला हे नाव 1962 मध्ये पंडित नेहरूंनी दिले. त्याच्या मेमरीत 2048 शब्द मावत आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा असे. आजच्या मापाने ही मेमरी 10,240 बाइट भरते. आता आपल्या घरातला साधा फुल एचडी पडदा घ्या. त्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात आणि एका ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला साधारण 4 बाइट लागतात. गुणाकार केला तर 82,94,400 बाइट होतात. म्हणजे पडद्यावरचे एक स्थिर चित्र नुसते धरून ठेवायलाच 810 टिफ्रॅकांची मेमरी हवी.

टिफ्रॅकच्या काळी यंत्रावर एका वेळी एकाचेच काम चाले, त्यामुळे भिंतीची गरज नव्हती. एकट्या माणसाच्या बंगल्यात आतल्या खोल्यांना कुलपे कशाला हवीत? आपल्या मोबाइलची गत मात्र गिरगाव-लालबागच्या चाळीसारखी आहे. बिऱ्हाडे पन्नास, जिना एक, आणि कोणाची खोली कुठली याची वही मालकाकडे.

चाळीतली खोली म्हणजे मेमरीतले ‘पान’ समजा. एका पानात बहुतेक यंत्रांवर 4096 बाइट बसतात. वर सांगितलेल्या पडद्याच्या चित्राला बरोबर 2025 पाने लागतात, वाटल्यास भागून पाहा. या सगळ्या पानांचा मालक म्हणजे ‘कर्नल’. हा लष्करातला कर्नल नव्हे. इंग्रजीत दाण्याच्या आतल्या गराला हा शब्द आहे, तसा हा प्रणालीचा गाभा. आणि पडदा, कॅमेरा, प्रिंटर अशा एकेका उपकरणाचे काम बघणारे मालकाचे जे मेहताजी असतात, त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. टॅक्सीवाल्याशी त्यांचाही संबंध नाही, पण टॅक्सी या गोष्टीत पुढे येणार आहे.

एखाद्या खेळाला पडद्यावर चित्र काढायचे असते, तेही सेकंदाला साठ-साठ वेळा. दर वेळी एकेक ठिपका मेहताजींच्या हातात देऊन ‘हा तिथे ठेवा’ म्हणत बसले तर खेळ रांगत चालेल. म्हणून मेहताजी पडद्याच्या खोल्यांच्या किल्ल्याच त्याला काही काळापुरत्या देतात: जा, स्वतःच रंग भर. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नकाशात त्या खोल्या जोडून दिल्या जातात. यालाच मेमरी मॅपिंग म्हणतात.

किल्ली मागणारा दोनच गोष्टी सांगतो: कितव्या खोलीपासून हव्यात, आणि किती हव्यात. मेहताजींनी एवढेच तपासायचे की या मागणीतली शेवटची खोली पडद्याच्या खोल्यांच्या पलीकडे जात नाही ना. पडद्याकडे 80 खोल्या असतील आणि कोणी 70 पासून 20 मागितल्या, तर 70 अधिक 20 म्हणजे 90. ऐंशीच्या वर गेले, म्हणून नकार. कोणालाही हाच हिशेब सुचेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाही हाच सुचला.

आता टॅक्सी. आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या डॅशबोर्डवर किलोमीटर मोजणारा आकड्यांचा डबा असे. (2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा लहान मुलांना हे घरातल्या मोठ्यांनी समजावून सांगावे.) जुन्या गाड्यांच्या अशा डब्यात पाचच आकड्यांची जागा असली, तर 99,999 नंतर एक लाख दिसत नाही. पाचही चाके फिरतात आणि 00000 दिसते. दमलेली गाडी कागदावर कोरी करकरीत होते.

संगणकातली संख्याही अशीच ठरलेल्या घरांत बसते. 32 बिटांच्या घरात सर्वांत मोठी संख्या 4,29,49,67,295. तिच्यात एक मिळवला की शून्य. 64 बिटांची संख्या वीस आकडी असते, पण तीही कुठेतरी संपते आणि शून्यावर येते.

आमच्या चाळीच्या वहीत दोनच आकड्यांची जागा आहे असे धरा. एक जण येतो आणि म्हणतो, ‘95 पासून 10 खोल्या द्या.’ पंच्याण्णव अधिक दहा एकशे पाच, पण वहीत तीन आकडे मावत नाहीत, म्हणून लिहिले जाते 05. मेहताजी पाहतात: पाच हे ऐंशीपेक्षा लहान, ठीक आहे, द्या किल्ल्या. आणि मागणारा 95 क्रमांकाच्या दारापाशी जाऊन उभा राहतो, जी खोली पडद्याची नाहीच. तिथे मालकाची तिजोरी आहे.

कर्नलच्या तिजोरीत काय असते? इतर गोष्टींबरोबर एक नोंद असते, कोणता प्रोग्रॅम कोणाच्या अधिकाराने चालतो याची. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो आणि मालकाच्या अधिकाराचा क्रमांक शून्य. ज्याच्या हाती ही वही लागली, तो आपल्या नावापुढचा आकडा खोडून तिथे शून्य लिहितो. पुढे कुठल्याच भिंतीला अर्थ उरत नाही: बँकेचे ॲप, फोटो, संदेश, सारे उघडे.

ही कल्पनेतली भीती नाही. 2013 मध्ये लिनक्सच्या पडद्याच्या सामाईक भागात, ज्याला फ्रेमबफर म्हणतात, नेमकी ही बेरीज सापडली. तिच्या नोंदीचा क्रमांक सीव्हीई-2013-2596. मोटोरोलाच्या रेझर एचडी, रेझर एम आणि ॲट्रिक्स एचडी या फोनांवर तिच्या आधाराने पूर्ण ताबा मिळवणारा एक प्रोग्रॅमही निघाला. लोकांनी तो आपल्याच फोनावरची कंपनीची बंधने तोडायला वापरला, पण आपले कुलूप ज्या तारेने उघडते त्याच तारेने शेजाऱ्याचेही उघडते. त्याआधी काहीच महिने, 2012 च्या डिसेंबरात, सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस थ्री आणि नोट टू यांत याहून ढोबळ प्रकार उघडकीला आला होता. तिथे सगळी मेमरी दाखवणारे एक दार कोणत्याही ॲपसाठी उघडेच ठेवलेले होते. बेरीज चुकायलासुद्धा मेहताजी जागेवर नव्हते.

2013 च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एक शहाणपणाचे काम केले. प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच हा हिशेब मांडतो आणि प्रत्येक जण तो थोडा वेगळा मांडतो, हे पाहून त्यांनी एकच सामाईक तपासणी लिहिली आणि पडद्याच्या सामाईक भागाला ती लावून दिली.

पण एक मेहताजी या सामाईक तपासणीबाहेर राहिले. त्यांचे नाव यूडीएल. यूएसबीच्या खाचेत डिस्प्लेलिंकची लहानशी डबी जोडून संगणकाला दुसरा पडदा लावता येतो. तिच्या जुन्या प्रकाराचा हा ड्रायव्हर. याच्या पडद्याच्या खोल्या एका रांगेत नव्हत्या, चाळभर विखुरलेल्या होत्या, म्हणून एकेक खोली हुडकून तिची किल्ली द्यावी लागे. सामाईक तपासणी रांगेतल्या खोल्यांसाठी बेतलेली होती. ती याला जशीच्या तशी लागू पडली नसती. त्यामुळे त्याचा खाजगी हिशेब तसाच राहिला: सुरुवात अधिक आकार, शेवटापेक्षा मोठे का? मे 2012 मधल्या 3.4 या आवृत्तीपासून जानेवारी 2018 मधल्या 4.15 पर्यंत. शेजारच्या घरात हीच गळती सापडून पाच वर्षे झाली होती.

2018 मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीतले इयाल इटकिन यांनी ती शोधली. त्यांची पद्धत आम्हाला फार आवडली. चकाकत्या नव्या गोष्टींत ते गेले नाहीत. जे ड्रायव्हर सामाईक वाट सोडून स्वतःचा मॅपिंगचा हिशेब मांडतात, तेवढेच बाजूला काढून त्यांनी वाचले. चूक कुठे राहत असेल, याचा पत्ता आधीच्या चुकीने दिलेलाच होता.

दुरुस्ती केली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. ती मोजून काही ओळींची आहे. आमच्या चाळीच्या भाषेत सांगायचे तर मेहताजींना आता दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला: सुरुवातीची खोलीच ऐंशीच्या पलीकडे आहे का? असेल तर नकार. दुसरा: ऐंशीतून सुरुवात वजा केली, उरल्या त्यापेक्षा मागणी जास्त आहे का? असेल तर नकार. ‘95 पासून 10’ म्हणणारा पहिल्याच प्रश्नाला परत फिरतो. जो पुढे जातो, त्याच्यासाठी वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहान अशीच होते, त्यामुळे आकड्यांची चाके फिरून उलटण्याची शक्यताच राहत नाही. याच्या आधी आणखी एक बारीक तपासणी घातली आहे. मागणी पानांत येते आणि तिचे बाइट करायला 4096 ने गुणावे लागते. हा गुणाकारच घरात मावेना, असे होऊ नये म्हणून.

इथे थोडे थांबावेसे वाटते. ‘अ अधिक ब हे क पेक्षा मोठे’ आणि ‘ब हे क वजा अ पेक्षा मोठे’ ही दोन्ही विधाने कागदावर एकच आहेत. एका बाजूची संख्या दुसऱ्या बाजूला नेली की चिन्ह बदलते, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. समीकरणे सोडवण्याची ही रीत नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी व्यवस्थित मांडली. त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून अल्जिब्रा हा शब्द आला आणि त्यांच्या स्वतःच्या नावावरून अल्गोरिदम. ‘जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे. मोडके हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. कागदाला शेवटचा आकडा नसतो, म्हणून तिथे दोन्ही विधाने सारखी राहतात. यंत्राला शेवटचा आकडा असतो, म्हणून तिथे एक विधान भिंत राखते आणि दुसरे पाडते. मुले अल्जिब्राचा उपयोग काय म्हणून विचारतात तेव्हा किराणा मालाच्या हिशेबाची ओढूनताणून उदाहरणे देण्यापेक्षा हे सांगावे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या यूडीएलच्या चुकीमुळे दूरचा कोणी परका घरातल्या संगणकात शिरू शकत नव्हता. प्रोग्रॅम आधी त्या यंत्रावर असावा लागे, तो ड्रायव्हर वापरण्याची त्याला मुभा असावी लागे. आणि मोबाइलला ही डबी सहसा जोडलेली नसते. तेव्हा या एका चुकीने घाबरण्याचे कारण नाही. पण तिच्या बहिणी मोबाइलात आहेत, आणि पुढचा भाग त्यांचा.

मोबाइलात चित्रे काढणारी माली नावाची चिप फार मोठ्या संख्येने वापरली जाते. ती आर्म कंपनी आखते. 2022 च्या जून-जुलैत गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाने मालीच्या ड्रायव्हरमधल्या पाच खोटा आर्मला कळवल्या. त्यांतल्या तीन एकाच जातीच्या: खोली रिकामी करून परत दिली, ती दुसऱ्या बिऱ्हाडाला गेलीही, पण जुन्या भाडेकरूकडे किल्ली राहिलीच. पागडीच्या खोल्यांचे तंटे पाहिलेल्या परळ-लालबागकरांना हे वेगळे समजावायला नको. आर्मने चपळाई दाखवून जुलै-ऑगस्टमध्येच दुरुस्त्या केल्या. मग नोव्हेंबरमध्ये त्याच गटाने आपल्याकडचे माली असलेले फोन तपासले, तर त्यांतल्या एकाही फोनमध्ये दुरुस्ती पोहोचलेली नव्हती.

आमच्या मते या विषयातला खरा घोर इथे आहे. चूक कोणाकडूनही होते. दुरुस्ती लिहायलाही कधी एक दुपार पुरते. पण चिप करणाऱ्याकडून फोन करणाऱ्याकडे, तिथून आपल्या हातातल्या फोनकडे हा जो प्रवास आहे, त्यात ती महिनोन्महिने अडकते आणि जुन्या फोनपर्यंत तर कधीच येत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की चूक कुठे होती हेही जाहीर होते, म्हणजे मधल्या काळात चोराला पत्ता मिळालेला असतो आणि आपल्या दाराला जुनेच कुलूप असते. ज्याला वरचेवर नवा फोन घेणे परवडते त्याला हा काळ लहान. आपल्या घरांत मात्र फोन अब्बांकडून अम्मीकडे, अम्मीकडून धाकट्याकडे असा उतरत जातो, आणि शेवटी ज्याच्या हाती येतो त्याच्याकडे सर्वांत पातळ भिंत येते. अनेक घरांत ती शेवटची व्यक्ती शिकणारी मुलगी असते. तिचे फोटो, तिचे कॉलेजचे लॉगिन, तिच्या शिष्यवृत्तीचे खाते त्याच फोनवर.

यूडीएलचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकू. ती दुरुस्त केलेली ओळसुद्धा आता तिथे नाही. पुढच्या काही वर्षांत त्या ड्रायव्हरचा खाजगी हिशेबच काढून टाकून त्याला सगळ्यांच्या सामाईक व्यवस्थेवर आणले गेले. हे कामही कोणाला दिसत नाही. त्याने नवे काहीच सुरू होत नाही, पडद्यावरचे चित्रही पहिल्यासारखेच दिसते.

आपल्याकडच्या मुलांनी इकडे वळावे असे आम्हाला वाटते. भायखळ्याचे साबू सिद्दिक असो की माटुंग्याचे व्हीजेटीआय, तिथे शिकणारा विद्यार्थी सी भाषा शिकतो आणि कर्नलही मुख्यतः सी भाषेतच लिहिलेला आहे. तो कोणालाही फुकट वाचता येतो, आणि चूक सापडली तर कोणालाही दुरुस्ती पाठवता येते. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपले ठिगळ. ज्याचा हिशेब पटतो त्याचे ठिगळ लागते, मग तो कुठल्या गल्लीत राहतो हे कोणी विचारत नाही. इंग्रजीची अडचण वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. पाठांतर करून घेणाऱ्या क्लासांची फी भरण्याआधी ते एकदा पाहावेत.

आता राहिला जुन्या फोनचा प्रश्न. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणारे आमचे वाचक पुष्कळ आहेत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. रेडिओच्या सुट्या भागांच्या काळापासून हा रस्ता मुंबईची मोडकी यंत्रे सांधत आला आहे आणि तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल आम्हाला आदरच आहे. पण पडदा बदलून, बॅटरी बदलून फोन लखलखीत झाला तरी आतली भिंत त्यांच्या स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होत नाही. ती कंपनीने पाठवलेल्या अपडेटनेच होते.

तेव्हा हातातला फोन घ्या. सेटिंग्जमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा, त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’वर बोट ठेवा. तिथे ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ अशा नावाने एक तारीख दिसेल. गूगल 2015 च्या ऑगस्टपासून दर महिन्याला अशा दुरुस्त्यांची यादी काढते; तुमच्या फोनपर्यंत त्यांतली कुठवरची आली आहे, ते ही तारीख सांगते. चार-सहा महिन्यांपूर्वीची असेल तर वाय-फाय लावून अपडेट शोधा. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे काही येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे ॲप काढा, फोटो दुसरीकडे हलवा आणि अनोळखी ठिकाणचे खेळ त्यावर अजिबात घालू देऊ नका. फोन करायला आणि रेडिओ ऐकायला तो चालेल. जुना फोन विकत घेताना दुकानदार कॅमेरा दाखवील, मेमरी किती जीबी ते सांगेल. त्याला म्हणावे, भाई, आधी ती तारीख दाखवा.